सीतादेवी, जवाहिरखाना आणि खानगीचा हिशेब

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांच्या दुसऱ्या राणी सीतादेवींचे नाव निघाले की पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ते वाक्य माझी आत्या म्हणायची : "त्या बाईनं बडोद्याचं जवाहीर विलायतेला नेलं आणि महाराजांची गादी घालवली." लहानपणी मी ते जसेच्या तसे खरे मानले. पुढे वाचन वाढले तेव्हा लक्षात आले की त्या एका वाक्यात तीन निरनिराळी प्रकरणे एकाच दोऱ्याने शिवलेली आहेत. एक प्रकरण विवाहाचे आहे, दुसरे जवाहिराचे आणि तिसरे गादीचे. तिन्हींना लागू होणारे कायदे वेगळे होते, निर्णय घेणारी माणसे वेगळी होती आणि सीतादेवींचा वाटाही तिन्हींत सारखा नव्हता. हा गुंता सोडवायचा असेल तर त्या काळची संस्थानी व्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते. ती समजली की सीतादेवी आपल्याला वाटतात तितक्या बलवानही दिसत नाहीत आणि तितक्या निर्दोषही नाहीत.

सीतादेवींचा जन्म १९१७ चा. माहेर आंध्रातील पिठापुरम् हे संपन्न संस्थान. तेलुगू भाषेचा मोठा शब्दकोश ज्यांच्या आश्रयाने तयार झाला, ते पिठापुरम् चे राजे सूर्यराव हे त्यांचे वडील. म्हणजे ज्या घरात त्या वाढल्या ते घर नुसते श्रीमंत नव्हते, विद्येची चाड असलेलेही होते. त्यांचा पहिला विवाह उय्यूरच्या जमीनदारांशी झाला. १९४३ मध्ये मद्रासच्या घोड्यांच्या शर्यतीत त्यांची आणि बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांची भेट झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांचा विवाह झाला.

प्रतापसिंहराव हे सयाजीराव महाराजांचे नातू. वडील युवराज फत्तेसिंहराव १९०८ मध्येच वारले होते. त्यामुळे फेब्रुवारी १९३९ मध्ये सयाजीराव निवर्तल्यावर गादी थेट आजोबांकडून नातवाकडे आली. हसूरच्या घोरपडे घराण्यातील शांतादेवींशी त्यांचा विवाह १९२९ मध्ये झालेला होता आणि या दांपत्याला एकूण आठ अपत्ये झाली. म्हणजे दुसऱ्या विवाहामागे वारसाची अडचण वगैरे काही नव्हते, आणि तसे कोणी म्हटलेही नाही.

आता विवाहाचा कायदा. पहिली अडचण सीतादेवींची होती, कारण त्यांचे पती हयात होते. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या हिंदू पुरुषाला कितीही विवाह करता येत. हिंदू स्त्रीला मात्र एका विवाहातून बाहेर पडण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता. घटस्फोट हा शब्द तिथल्या हिंदू कायद्यात नव्हताच. तो देशभर आला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. अशा स्थितीत काही स्त्रियांनी वापरलेली एक वाट होती : स्त्रीने इस्लाम स्वीकारायचा, पतीलाही तो स्वीकारण्यास सांगायचे, आणि पतीने नकार दिला की मुस्लीम कायद्यानुसार विवाह संपुष्टात आला असे न्यायालयाकडून जाहीर करून घ्यायचे. सीतादेवींनी हीच वाट धरली आणि त्यानंतर पुन्हा हिंदू धर्मात येऊन प्रतापसिंहरावांशी विवाह केला. ही वाट फार काळ मोकळी राहिली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९४६ मध्ये एका इराणी दांपत्याच्या खटल्यात असे स्पष्ट केले की पत्नीने एकतर्फी धर्म बदलला म्हणून दुसऱ्या धर्माच्या पतीशी झालेला विवाह आपोआप मोडत नाही.

इथे थोडे थांबावेसे वाटते. आमच्याकडे धर्मांतराची ही गोष्ट नेहमी कपट म्हणून सांगितली जाते. त्यात युक्ती होती हे खरेच. पण बडोदे संस्थानातल्या हिंदू स्त्रीला १९३१ पासून घटस्फोट मागण्याचा हक्क होता आणि तो सयाजीरावांनी दिला होता. मद्रास इलाख्यातल्या स्त्रीला तो १९४९ पर्यंत नव्हता. सीतादेवी जन्माने आणि पहिल्या विवाहाने बडोद्याच्या असत्या तर त्यांना सरळ न्यायालयात अर्ज करता आला असता. ज्या दाराला कडी होती तिथून त्या खिडकीने बाहेर पडल्या, एवढेच मला त्याबद्दल म्हणावेसे वाटते.

दुसरी अडचण महाराजांची होती आणि माझ्या मते ती अधिक गंभीर होती. सयाजीरावांनी १९०४ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध केला, पुढे घटस्फोटाचा कायदा केला आणि त्याच सुधारणांच्या ओघात बडोद्यात हिंदू पुरुषाच्या द्विभार्येलाही बंदी आली. म्हणजे बडोद्याच्या सामान्य प्रजाजनाने पहिली पत्नी असताना दुसरी केली असती तर तो गुन्हेगार ठरला असता. आणि तीच गोष्ट कायदा करणाऱ्या राजाच्या नातवाने, गादीवर बसलेला असताना केली. दिल्लीतून याबद्दल विचारणा झाली तेव्हा महाराजांच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की संस्थानचे कायदे प्रजेसाठी असतात, राजा त्यांच्या कक्षेत येत नाही. ऐकायला हे उर्मट वाटते, पण तत्कालीन कायद्याच्या दृष्टीने ते निराधार नव्हते. संस्थानिक हा स्वतःच्या राज्यात कायद्याचा उगम मानला जाई; त्याच्यावर त्याच्याच न्यायालयात खटला चालवता येत नसे. त्याच्यावर दाब होता तो फक्त वरिष्ठ सत्तेचा, म्हणजे ब्रिटिश सरकारचा, आणि तो दाब कायद्याचा कमी व सोयीचा जास्त असे.

हा दाब काय करू शकतो हे बडोद्याने याआधी अनुभवले होते. मल्हारराव गायकवाडांनी १८७४ मध्ये लक्ष्मीबाईंशी केलेल्या विवाहावरून त्यांचे आणि रेसिडेंट, म्हणजे दरबारातले ब्रिटिश प्रतिनिधी, कर्नल फेअर यांचे वाजले होते, कारण लक्ष्मीबाईंचा आधीचा नवरा हयात असल्याचा दावा पुढे आला होता. पुढच्याच वर्षी रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याच्या आरोपाची चौकशी झाली, आणि चौकशी मंडळात एकमत झाले नसतानाही गैरकारभाराच्या कारणाने मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. त्यांच्या जागी दत्तक आलेला कवळाण्याचा मुलगा म्हणजेच सयाजीराव. त्या मुलाच्या नातवाचा विवाह पुन्हा तशाच प्रश्नापाशी येऊन ठेपावा, हा योगायोग जुन्या बडोदेकरांच्या नजरेतून सुटला नसणार.

१९४३ मध्ये मात्र महायुद्ध चालू होते आणि इंग्रजांना संस्थानिकांचे सहकार्य हवे होते. तेव्हा मध्यम मार्ग निघाला. विवाह चालवून घेण्यात आला. पण दुसऱ्या राणीच्या मुलाला गादीचा वारसा मिळणार नाही हे ठरले आणि सीतादेवींना 'हर हायनेस' हा किताब नाकारण्यात आला. त्याआधी १९३७ मध्ये इंग्लंडच्या माजी राजाच्या पत्नीलाही तसाच किताब नाकारलेला होता, आणि म्हणूनच युरोपातली वृत्तपत्रे सीतादेवींना हिंदुस्थानच्या वॉलिस सिम्पसन म्हणू लागली. सीतादेवींना १९४५ मध्ये मुलगा झाला आणि त्याचे नाव सयाजीराव ठेवले गेले.

आता जवाहिराकडे येऊ, कारण खरा गुंता तिथे आहे.

मराठी संस्थानांत राज्याचा पैसा आणि राजाचा पैसा यांत भेद करण्याची पद्धत जुनी होती. इंदूरला होळकरांकडे 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन हिशेब होते. बडोद्यात त्याला 'खानगी' म्हणत. राजवाडा, नोकरचाकर, पागा, धर्मकृत्ये, राजघराण्याच्या नेमणुका हे सारे खानगी खात्यात येई आणि त्यावर खानगी कारभारी असे. सयाजीरावांनी खानगीकडे दरसाल किती रक्कम वळवायची याला शिस्त लावली आणि बाकीचा महसूल शाळा, वाचनालये, रेल्वे, दवाखाने यांकडे लावला. संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये आले ते या शिस्तीच्या बळावर. पण जवाहिराचे काय? नजरबाग राजवाड्यातल्या जवाहिरखान्यात जे होते ते पिढ्यान्‌पिढ्या साठत आले होते. त्यातले काही महसुलातून विकत घेतलेले, काही नजराण्यात आलेले, काही लग्नात मिळालेले. प्रत्येक राजा ते अंगावर घालायचा आणि जाताना पुढच्यासाठी ठेवून जायचा. राजा त्याचा मालक की राखणदार, हा प्रश्न विचारण्याची वेळच तोपर्यंत कोणावर आली नव्हती, कारण राजा आणि राज्य वेगळे होतील असे कोणाला वाटले नव्हते.

या जवाहिरातल्या एका वस्तूकडे जरा जवळून पाहू. खंडेराव महाराजांनी १८६० च्या दशकात मोत्यांचा एक गालिचा करवून घेतला. मदिनेत पैगंबरांच्या समाधीवर अर्पण करण्याचा त्यांचा संकल्प होता असे सांगतात. १८७० मध्ये खंडेराव वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. हरणाच्या कातड्यावर रेशीम बसवून त्यावर बारीक बसराई मोती इतके दाट शिवले आहेत की खालचे कापड दिसत नाही. मोत्यांची संख्या पंधरा ते वीस लाखांच्या घरात असावी असा अंदाज आहे. मोती सगळे पांढरट आहेत आणि त्यांच्या पार्श्वभूमीवर रंगीत काचमण्यांची वेलबुट्टी धावते. मधोमध तीन मोठी चक्राकार फुले आहेत, ती हिऱ्यांची. जागोजागी माणिक, पाचू, नीलम. मोती म्हणजे मोहरीपेक्षा थोडा मोठा दाणा, आणि त्या प्रत्येक दाण्याला आरपार भोक पाडून सुईने ओवलेले. हा गालिचा १९०२-०३ च्या दिल्लीतील कलाप्रदर्शनात मांडला होता.

त्याखेरीज मोत्यांचा सातपदरी कंठा होता. ब्राझीलच्या खाणीत १८५३ मध्ये सापडलेला 'स्टार ऑफ द साउथ' हा सुमारे १२८ कॅरटचा हिरा आणि 'इंग्लिश ड्रेस्डन' हा सुमारे ७८ कॅरटचा, असे दोन्ही जडवलेला हार होता. १९४८ मध्ये महाराजांच्या वाढदिवसाच्या समारंभाच्या वेळी आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने बडोद्यात छायाचित्रे घेतली. अलंकारांनी लगडलेल्या सीतादेवींची जी प्रतिमा जगाच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, तिला अशा छायाचित्रांनी आकार दिला. देश स्वतंत्र झालेला, फाळणीची जखम ओली, संस्थाने एकामागून एक विलीन होत असलेली. त्या वर्षी असे समारंभ प्रजेला कसे दिसले असतील याची कल्पना करणे अवघड नाही.

हे जवाहीर बाहेर गेले कसे? जुन्या व्यवस्थेत तिजोरीवर दोन कुलपे होती. एक कुलूप दिवाण आणि खानगीच्या नियमांचे, दुसरे रेसिडेंटच्या नजरेचे. युद्धाच्या काळात दुसरे कुलूप सैल झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी ब्रिटिशांचे सार्वभौमत्व संपले तेव्हा ते गळून पडले. भारत सरकारकडे बडोद्याने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय सोपवले होते. अंतर्गत तिजोरी अजून महाराजांच्या हाती होती. म्हणजे ऑगस्ट १९४७ ते मे १९४९ या पावणेदोन वर्षांत बडोद्याच्या महाराजांवर त्यांच्या आजोबांवर होता तेवढाही पहारा नव्हता. तिजोरीतून बिनव्याजी मोठी उचल झाली आणि जवाहिरखान्यातल्या वस्तू परदेशी गेल्या, त्याला ही फट कारणीभूत होती. जवाहिरखान्याचा दरवाजा महाराजांच्या हुकुमाने उघडत असे. कारभाऱ्याला हुकूम देण्याचा अधिकार दुसऱ्या राणीला नव्हता. 'हर हायनेस' म्हणवून घेण्याचासुद्धा नव्हता.

याचा अर्थ सीतादेवी अजाण होत्या असा मुळीच नाही. युरोपात दुसरे घर करायचे ठरले तेव्हा दोघांनी मोनॅको निवडले आणि सीतादेवी तिथे बराच काळ राहिल्या. बडोद्याहून आलेले पाचू आणि हिरे पॅरिसच्या व्हान क्लीफ अँड आर्पेल्स या पेढीकडे देऊन त्यांनी नव्या घडणीचे हार करवून घेतले. जुना दागिना मोडून नवा केला की त्याची ओळख पुसली जाते, आणि यादीतल्या वस्तूशी त्याचा मेळ घालणे कठीण होते. रत्नांची पारख असलेल्या बाईला हे समजत नसेल असे मानता येत नाही. पण त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला वॉरन प्लेस ही घोड्यांची पागा महाराजांनी घेतली होती. आजोबांचे नाव दिलेला 'सयाजीराव' हा घोडा त्यांनी १९४५ मध्ये २८,००० गिनींना विकत घेतला, त्याने १९४७ ची सेंट लेजर ही शर्यत जिंकली. 'माय बाबू' या त्यांच्या घोड्याने १९४८ मध्ये टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकली. आमच्या घरी या घोड्यांची नावे कौतुकाने घेतली जात. घोड्यांवरचा खर्च महाराजांचा शौक आणि हिऱ्यांवरचा खर्च राणीचे पाप, ही वाटणी मला आजही पटत नाही.

बडोद्यातली प्रजा मात्र गप्प बसली नव्हती. संस्थानात धारासभा म्हणजे विधिमंडळ होते, प्रजामंडळ होते, आणि १९४८ मध्ये जीवराज मेहता यांच्या नेतृत्वाखाली लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. तिजोरीचे हिशेब या मंत्रिमंडळाच्या हाती लागताच उचल किती झाली हे दिसू लागले. धारासभेने महाराजांविरुद्ध ठराव केला, दिल्लीने चौकशी केली. लोकप्रतिनिधींनी राजाला जमाखर्च विचारण्याचा हा प्रसंग बडोद्याच्या इतिहासात मला फार मोलाचा वाटतो, आणि सीतादेवींच्या दागिन्यांच्या झगमगाटात तो पार झाकला गेला याची खंत वाटते.

१ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीनीकरणाच्या कराराचा गाभा असा होता : राज्य, महसूल आणि सत्ता सरकारकडे, त्याबदल्यात राजाला सालीना तनखा, किताब आणि त्याची वैयक्तिक मालमत्ता. बडोद्याचा तनखा साडेसव्वीस लाख रुपये ठरला, जो देशातल्या सर्वांत मोठ्या तनख्यांपैकी होता. वैयक्तिक मालमत्ता कोणती हे ठरवण्यासाठी प्रत्येक संस्थानिकाने यादी द्यायची आणि सरकारने ती तपासायची. 'मालक की राखणदार' हा इतकी वर्षे न विचारलेला प्रश्न इथे कागदावर आला. राजवाडा खाजगी, कचेरी सरकारी, हे सोपे होते. पण सात पदरांचा कंठा कुठे घालायचा? तो राज्याभिषेकाचा म्हणून राज्याचा, की घराण्याचा म्हणून खाजगी, की पुढच्या गादीपतीसाठी राखून ठेवायचा वडिलोपार्जित ठेवा? सरकारने बडोद्याचा जो ऐवज परत मागितला तो या तिसऱ्या प्रकारातला होता. काही वस्तू परत आल्या, काही आल्या नाहीत, आणि परदेशी गेलेल्या वस्तूमागे कायद्याचा हात फार लांब पोहोचत नसे.

त्याच महाराजांनी विलीनीकरणाच्या तोंडावर बडोद्याला विद्यापीठ दिले, हेही इथेच सांगितले पाहिजे. सयाजीरावांनी आपल्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या वेळी ग्रामीण भागाच्या उन्नतीसाठी एक कोटी रुपयांचा निधी बाजूला काढला होता. प्रतापसिंहरावांनी आजोबांच्या नावाने न्यास केला, आणि १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले. जीवराज मेहतांच्या पत्नी हंसाबेन त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. त्या विद्यापीठात आमच्या घरातल्या तीन पिढ्या शिकल्या. एकाच माणसाच्या सहीने एकीकडे तिजोरी रिती झाली आणि दुसरीकडे विद्यापीठ झाले, आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

राहिली गादी. आत्याच्या वाक्यातला हा सगळ्यात चुकलेला भाग. विलीनीकरणानंतर प्रतापसिंहरावांनी आपली भूमिका बदलली. त्यांनी संस्थानिकांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला आणि विलीनीकरणाच्या वैधतेलाच आव्हान दिले. दरम्यान २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली होती. तिच्या अनुच्छेद ३६६ मध्ये 'राजा' म्हणजे राष्ट्रपतींनी ज्याला तशी मान्यता दिली आहे ती व्यक्ती, अशी व्याख्या होती. या छोट्याशा व्याख्येत मोठी ताकद आहे. पूर्वी राजा जन्माने आणि राज्याभिषेकाने होत असे. आता तो मान्यतेने होत होता, आणि जे मान्यतेने मिळते ते मान्यता काढली की जाते. त्यासाठी खटला लागत नव्हता, विषप्रयोगाची चौकशी लागत नव्हती. १९५१ मध्ये राष्ट्रपतींनी प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली आणि त्यांचे ज्येष्ठ पुत्र फत्तेसिंहराव यांना दिली. महाराजांनी फेरविचाराची विनंती केली, ती नाकारली गेली. आधीच्या गैरव्यवहारांमुळे दिल्लीत त्यांच्याविषयी सहानुभूती उरली नव्हती हे उघड आहे. पण निर्णायक कारण राजकीय होते. संस्थानिकांची संघटना ही सीतादेवींची कल्पना होती असे कोणी म्हटलेले नाही.

मग दोष त्यांच्याच नावावर का लागला? याचे एक उत्तर शांतादेवींमध्ये आहे. त्या बडोद्यात राहिल्या, मुले वाढवली, सणासमारंभांना लोकांच्या नजरेसमोर राहिल्या. घराघरांतल्या बायकांना त्या आपल्या वाटत. त्यांच्यावरचा अन्याय लोकांनी स्वतःवरचा मानला, आणि ते लोकांच्या चांगुलपणाचेच लक्षण होते. दुसरे उत्तर असे की बडोद्याचे मराठी लोक गुजरातेत राहून राजघराण्याशी नात्यासारखे बांधलेले होते. त्यांची भाषा, नोकऱ्या, मान, सारे त्या गादीभोवती होते. १९४९ नंतर ते सगळे हळूहळू ओसरले. जे गेले त्याचे कारण राजाला म्हणावे तर सयाजीरावांच्या नातवाला दोष द्यावा लागतो, आणि ते जिभेवर येत नव्हते. सीतादेवी तेलुगू होत्या, आधी विवाहित होत्या, धर्म बदललेल्या होत्या आणि दूर मोनॅकोत होत्या. त्यांच्यावर बोट ठेवणे सर्वांनाच सोपे होते.

पुढची हकीकत थोडक्यात. १९५६ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. प्रतापसिंहराव १९६८ मध्ये लंडनला वारले. सीतादेवींनी महाराणी हा किताब सोडला नाही. पाचू आणि हिऱ्यांचे पायातले तोडे त्यांनी न्यू यॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याला विकले होते, आणि त्यांच्या खड्यांचा केलेला गळ्यातला हार विंडसरच्या डचेसने, म्हणजे त्याच वॉलिस सिम्पसन यांनी, घेतला. एका मेजवानीत हार ओळखून, हे खडे माझ्या पायांतही इतकेच शोभत होते, असे सीतादेवी म्हणाल्या आणि डचेसने हार परत केला, अशी गोष्ट सांगतात. पुढे दागिने एकेक करून विकले गेले. १९७४ मध्ये मोनॅकोत त्यांची मोठी विक्री झाली. मुलगा सयाजीराव १९८५ मध्ये गेला, आणि १९८९ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये सीतादेवींचा मृत्यू झाला. ज्या जवाहिरासाठी त्यांचे नाव लागले ते त्यांच्या म्हातारपणाला पुरले नाही.

सातपदरी कंठ्यातले ६८ मोती निवडून केलेला दुपदरी हार २००७ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात जोडीच्या अलंकारांसह सुमारे ७१ लाख डॉलरना गेला. मोत्यांचा गालिचा मार्च २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला आणि आता तो कतारच्या संग्रहालयात आहे. ज्या आखातातल्या शिंपल्यांतून ते मोती निघाले, तिथेच ते पोहोचले. नजरबाग राजवाडा मात्र आज उभा नाही. तो पाडला गेला.

लिलावाची बातमी आली तेव्हा मी ती आत्याला वाचून दाखवली होती. तिने आधी किंमत विचारली नाही, लांबीरुंदी विचारली. २६४ सेंटिमीटर बाय १७४ हे तिला कळेना, म्हणून माजघरातली दोन माणसांची सतरंजी मी उलगडून जमिनीवर पसरली आणि एक कड दुमडून मापाला आणली. आत्या खुर्चीवरून वाकून कितीतरी वेळ त्या सतरंजीकडे पाहत राहिली.

"एवढाच होता होय रे?" ती म्हणाली. मग दुमडलेली कड तिने हाताने सारखी केली आणि विचारले, "आणि मोती मोजून घेताना सही कुणाची झाली असेल?"